मनालाही लागतो प्रथमोपचार





मैदानावर कुणी पडले, गुडघा फुटला, नाकातून रक्त आले की काय करायचे, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. सरळ सिस्टरांकडे धाव घ्यायची! तिथे कापूस असतो, मलम असते, थोडे रागावणे असते आणि पाठीवरून फिरणारा हातही असतो. परंतु गणिताच्या पेपराआधी एखाद्या मुलाला श्वास घेता येईनासा झाला, किंवा एखादी मुलगी मैत्रिणीला ‘मला आता जगायचंच नाही’ असे म्हणाली, तर कुणाकडे धावायचे? या प्रश्नाचे उत्तरही शाळेतल्या प्रत्येकाला तितक्याच चटकन देता आले पाहिजे. म्हणून शाळेतील परिचारिकेच्या कामाची ही फारशी न दिसणारी बाजू या अंकात समजावून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

घरी पाठवणे म्हणजे उपचार नव्हे

शाळेत परिचारिका असावी, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १ ऑक्टोबर १९०२ रोजी न्यूयॉर्क शहरात लिना रॉजर्स नावाच्या परिचारिकेची चार शाळांसाठी महिनाभराच्या प्रयोगावर नेमणूक झाली. त्याआधी डॉक्टर शाळा तपासून जात आणि डोळ्यांचे किंवा त्वचेचे संसर्गजन्य रोग झालेल्या मुलांना घरी पाठवून देत. पुढे त्या मुलांचे काय होते, हे कुणी पाहत नसे. रॉजर्सबाईंनी शाळेतच उपचार सुरू केले, मुलांच्या घरी जाऊन आयांना समजावले आणि मुले पुन्हा वर्गात येऊ लागली. प्रयोग यशस्वी झाला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या.

मनाच्या दुखण्याबाबत आपण अजूनही बऱ्याचदा त्या जुन्या डॉक्टरांसारखेच वागतो. मूल रडते आहे, थरथरते आहे, ‘कसंतरी होतंय’ म्हणते आहे, की आपण फोन करून सांगतो, ‘घेऊन जा.’ घरी पोचल्यावर काय झाले, याची विचारपूस राहून जाते.

आपल्याकडे भोपाळात आणखी एक गंमत आहे. मुलांची घरातली भाषा मराठी, तर मैदानावरची हिंदी. सिस्टरांपुढे उभे राहिलेले मूल ‘मन घबरा रहा है’ म्हणते, तेच घरी आईला ‘पोटात गोळा आलाय’ असे सांगते. ‘मला चिंता वाटते’ असे शब्द सहसा मुलांच्या तोंडी येतच नाहीत. ती पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशा तक्रारी घेऊन येतात. एकच मूल दर सोमवारी किंवा ठरावीक तासालाच पोट धरून येत असेल, तर त्याच्या पोटाची तपासणी तर करावीच, पण त्या तासाचीही करावी, हे अनुभवी सिस्टरांना कळते. पोटदुखी खोटी नसते. मनावरचा ताण शरीरात खरोखरच दुखतो.

हे प्रमाण किती असेल? २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि मध्य प्रदेश त्यांपैकी एक होते. त्यात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे या वयाच्या हजार मुलांमागे सुमारे ७३. वर्गाच्या हिशेबाने पाहिले तर प्रत्येक तुकडीत दोन-तीन.

भोपाळने दिलेला धडा

‘पण आमच्या सिस्टर काही मानसोपचारतज्ज्ञ नाहीत!’ अशी शंका येथे कुणीही घेईल. तिचे उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात आहे.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुदुर्घटना भोपाळकरांना सांगायला नको. तेव्हा मध्य प्रदेशातील पाच वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एकातही मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापक नव्हता. लोक खोकला, धाप, डोळ्यांची जळजळ घेऊन दवाखान्यात येत. १९८५ मध्ये लखनऊच्या डॉक्टरांनी डॉ. बी. बी. सेठी यांच्या नेतृत्वाखाली सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यातील १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्क्यांना, मानसिक विकारही असल्याचे दिसून आले. त्यात मुख्यत्वे उदासीनता आणि चिंता यांचा समावेश होता. छातीच्या तक्रारीआड मनाची तक्रार होती आणि ती ऐकायला तज्ज्ञ नव्हते.

मग काय केले गेले? बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे येऊन वायुपीडितांवर उपचार करणाऱ्या सुमारे ५० सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. रुग्णाचे कसे ऐकायचे, काय विचारायचे, कोणावर आपणच उपचार करायचे आणि कोणाला पुढे पाठवायचे, हे त्यांना शिकवले. तज्ज्ञ नसलेल्या, पण रोज रुग्णासमोर असलेल्या माणसाला मनाची पहिली मदत शिकवता येते, हे भोपाळने अशा रीतीने अनुभवले. शाळेतल्या सिस्टरही नेमक्या याच जागी उभ्या आहेत. त्यांनी मूल बरे करून द्यावे, अशी अपेक्षा नाही. पहिला तास त्यांनी नीट सांभाळावा आणि मग मुलाला योग्य हाती सोपवावे, एवढेच त्यांचे काम. आणि सिस्टर रजेवर असतील तेव्हा हेच काम शिक्षकाला किंवा शिपाईकाकांनाही करता आले पाहिजे.

पाहा, ऐका, जोडून द्या

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश तीन क्रियापदांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. शाळेत हे कसे घडते, ते पाहू या.

आधी शरीर. मूल घाबरेघुबरे आले तरी सिस्टर प्रथम नाडी, श्वास आणि ताप पाहतात. दमा आहे का, मधुमेह आहे का, सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे विचारतात. मनाचा ताण समजून दम्याचा झटका दुर्लक्षित राहिला, तर ते महागात पडते.

मग जागा. दारातली गर्दी हटवतात, मुलाला शांत खोलीत बसवतात. सोबत एखादी मैत्रीण चालते, अख्खा वर्ग चालत नाही.

मग शब्द. ‘काही झालेलं नाही, उगीच घाबरतेस’ असे त्या म्हणत नाहीत. ‘तुला खूप भीती वाटते आहे, हे मला दिसतंय. मी इथेच आहे,’ असे म्हणतात. धाप लागल्यासारखे होणे, छाती धडधडणे, बोटांना मुंग्या येणे, ‘आता मी मरणार’ असे वाटणे, या भीतीच्या झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. त्या वेळी सावकाश चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असे सिस्टर मुलाबरोबर स्वतः करतात. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी पद्धत आता सुरक्षित मानली जात नाही. छातीत दुखणे थांबले नाही, किंवा असे पहिल्यांदाच झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवणे आलेच.

कुणी बेशुद्ध पडले किंवा फिट आली, की आपल्याकडे लगेच कांदा शोधला जातो, चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो. कृपया यातले काहीही करू नये! मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करावा. काही मुलांना अतीव ताणामुळेही फिटसारखे झटके येतात. ते ‘नाटक’ नसते आणि ‘अंगात येणे’ही नसते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. कधीकधी एकीचे पाहून वर्गातल्या अनेक मुलींना चक्कर येऊ लागते. अशा वेळी मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत, शांतपणे, गाजावाजा न करता बसवावे.

हातावर स्वतः केलेली जखम दिसली, तर सिस्टर इतर कोणतीही जखम जितक्या मायेने धुतात, तितक्याच मायेने तीही धुतात. बाही वर करून वर्गाला दाखवणे किंवा ‘हे काय केलंस?’ असे ओरडणे टाळतात. मलमपट्टी झाल्यावर मग हळूच बोलायला सुरुवात करतात. आणि काही औषध किंवा विषारी पदार्थ पोटात गेल्याची नुसती शंका जरी आली, तरी वाट पाहायची नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी करवायची नाही. रिकामे पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठायचे, मग मूल वरवर ठीक दिसत असले तरी.

सरळ विचारावे

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. मूल निराशेचे बोलू लागले, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, अचानक सगळ्यांपासून तुटले, तर सिस्टर आडवळणाने बोलत नाहीत. त्या शांतपणे विचारतात, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’

हे वाचून अनेक पालक दचकतील. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, असे आपल्याला वाटते. अभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा तपासले आहे आणि विचारल्याने धोका वाढत नाही, असेच आढळले आहे. उलट, मुलाला वाटते की अखेर कुणीतरी ऐकून घ्यायला तयार आहे. उत्तर ‘हो’ आले, तर पुढचे प्रश्न येतात: केव्हापासून वाटते? काही ठरवले आहे का? आज तसे वाटते आहे का?

येथून पुढे नियम कडक असतात. मुलाला क्षणभरही एकटे सोडायचे नाही. स्वच्छतागृहापर्यंतही कुणी मोठे माणूस बरोबर जाते. मुख्याध्यापकांना कळवले जाते. पालकांना बोलावून मूल हाती सोपवले जाते. रिक्षात बसवून घरी पाठवले जात नाही. धोका निकटचा असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे. ‘आईबाबांनी तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हे प्रवचन या वेळी देऊ नये. त्या मुलाला बहुधा तेच ओझे झालेले असते.

घडलेले सारे सिस्टर वेळेसह आणि मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवतात. ही नोंद कुलपात राहते. ती प्रगतिपुस्तकात जात नाही.

गुपित कुठवर राखायचे?

‘कुणाला सांगणार नाही ना?’ असे मूल हमखास विचारते. याला सिस्टर खोटे वचन देत नाहीत. ‘तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल, बाकी गोष्टी माझ्याजवळच राहतील,’ असे त्या आधीच सांगतात. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेच्या नावासाठी ती गोष्ट चार भिंतींत मिटवता येत नाही.

पोलिसांची आणि ‘त्या’ रुग्णालयाची भीती

‘पोलीस केस होईल’ या भीतीने काही कुटुंबे मुलाला रुग्णालयात न्यायला कचरतात आणि मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिची काळजी घेणे आणि उपचार करणे ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. रुग्णालय पोलिसांना सूचना देते, ती नोंद असते. मुलावरचा ठपका नव्हे.

दुसरी भीती लोकांच्या बोलण्याची. आपल्या घरांत ‘याला येरवड्याला पाठवा’ ही थट्टा आजोबांपासून चालत आली आणि इकडे येऊन तिला ‘आग्र्याला पाठवा’ची जोड मिळाली. गंमतीत बोललेली ही वाक्ये मुले लक्षात ठेवतात आणि मग मदत मागायला लाजतात. आज हमीदिया आणि एम्स या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. इतर कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात जावे तसेच तिथे जायचे असते. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ या नावाने समुपदेशनाची सोय आहे.

निकालाच्या दिवशी शाळा बंद असते

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले आणि अशा राज्यांत मध्य प्रदेश पहिल्या तिघांत होते. यामागे परीक्षा हे एकमेव कारण नसते; घरचे तंटे, आजार, एकटेपणा, छळ अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. तरीही मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस नाजूक असतो. हा निकाल एप्रिल-मे महिन्यांत लागतो. तेव्हा शाळा बहुधा बंद असते, वैद्यकीय खोलीला कुलूप असते आणि सिस्टरही नसतात. त्या दिवशी सिस्टरांचे काम आईबाबांनाच करायचे असते!

तेव्हा निकालाच्या दिवशी मूल घरात एकटे राहणार नाही, असे पाहावे. गुण कळल्यावर पहिले वाक्य ‘जेवलास का?’ हे असावे. घरातील औषधे, उंदीर-झुरळांची विषे कुलपात ठेवावीत. आणि वर्ष वाया जातेच असे नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. अनुत्तीर्णांना पुन्हा संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ योजना आपल्या राज्यात २०१६ मध्ये सुरू झाली होती आणि २०२५ मध्ये मंडळाने त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घेण्यास सुरुवात केली.

पालकांना आणखी दोन विनंत्या. मुलाला एखादे औषध चालू असेल, पूर्वी असा त्रास झाला असेल, तर ते सिस्टरांना विश्वासाने सांगा. आणि शाळेकडे दिलेला फोन नंबर बदलला असेल तर आजच कळवा. संकटाच्या वेळी बंद नंबरावर फोन लावत बसणे, यासारखी असहायता दुसरी नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी

मित्राने ‘कुणाला सांगू नकोस’ असे म्हणून जीव नकोसा झाल्याचे सांगितले, तर ते गुपित पाळायचे नाही. मोठ्या माणसाला सांगायचे, त्याच दिवशी. मित्र रागावला तरी चालेल, राग जातो. कुणाला झटका आला तर मोबाईल काढून चित्रीकरण करू नका. आणि तो मित्र परत शाळेत आला की ‘काय झालं होतं रे?’ असे खोदून विचारू नका. डबा उघडा आणि त्याला शेजारी बसवून घ्या.

विश्वस्तांसमोर चार गोष्टी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडावा. शिक्षक आणि इतर कर्मचारी या सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे क्रमांक ठळकपणे लावावेत, असे त्यांत आहे.

या आधारे विश्वस्त मंडळाने पुढच्या सभेत चार गोष्टींवर निर्णय घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. पहिली, सिस्टरांच्या खोलीला लागून दार लावता येईल अशी एक शांत जागा. दुसरी, समुपदेशकाची नेमणूक आणि एका मनोविकारतज्ज्ञाशी आधीच केलेली बोलणी. तिसरी, शिपाई, बसचालक, सेविका या सर्वांसह वर्षातून दोन प्रशिक्षणे. चौथी, एका पानाची लेखी कार्यपद्धती: कुणी कुणाला फोन करायचा, मुलाजवळ कोण बसायचे, रुग्णालयात बरोबर कोण जायचे, आणि मूल परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची विचारपूस कुणी करायची. यापैकी बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि ठरवणे जास्त लागते. स्नेहसंमेलनाचा मंडप जितक्या चर्चेने ठरतो, तितकी चर्चा या पानावर झाली तरी पुष्कळ आहे.

हे क्रमांक घरात, फ्रिजवर किंवा देवघराशेजारी, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे लिहून ठेवावेत:

टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी मोफत मदत, चोवीस तास, हिंदी व मराठीसह अनेक भाषांत: १४४१६
रुग्णवाहिका: १०८
तातडीची मदत आणि पोलीस: ११२
संकटातील मुलांसाठी: १०९८

टेलिमानसला मुलेही फोन करू शकतात आणि मुलांच्या काळजीने झोप न लागणारे आईबाबाही.